फाल्गुनात आडोसा नसतो

पळस फुलला की माझे गुडघे दुखायला लागतात. निदान मी तसं सांगते तरी. एरवी वर्षभर हेच गुडघे सदाशिव पेठेतल्या आमच्या बिनलिफ्टच्या इमारतीचे तीन मजले मुकाट्यानं चढतात, मंडईतून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चालत घरी येतात, वर रस्त्यात कुणी भेटलं तर अर्धा तास उभ्यानं गप्पाही मारू देतात. पण फाल्गुन लागतो. मंडईत हरभऱ्याचे सोलाणे संपत येतात आणि पहिल्या कैऱ्या दिसायला लागतात, दुकानांबाहेर साखरेच्या गाठी लटकतात, दुपारी गॅलरीतली फरशी पायाला चटका देते. मग घरात कुणीतरी विचारतं, "यंदा पळस बघायला कधी जायचं?" आणि माझा हात आपोआप गुडघ्यावर जातो.

पुण्यातली माणसं कशासाठी गाडी बाहेर काढतील याचा नेम नाही. कुणी हुरड्याला जातं, कुणी नुसती मिसळ खायला घाट ओलांडतं. आमच्या घरात पळसाला जातात. हे वेड ह्यांचं, म्हणजे माझ्या यजमानांचं. इतका संसार झाला तरी मी त्यांचं नाव घेत नाही. आता या वयात नवीन सवय कशाला लावून घ्या! हे नोकरीत नकाशे काढायचे, आणि धरणांच्या कामासाठी भोरच्या पुढं सारखं जाणं-येणं असायचं. लग्नानंतरच्या पहिल्याच फाल्गुनात मला स्कूटरवर मागं बसवून तिकडं घेऊन गेले. मला वाटलं, महाबळेश्वर नाही तर नाही, निदान एखादं देऊळ तरी दाखवतील. कात्रजचा घाट ओलांडला, कापूरहोळला आत वळलो, भोर मागं पडलं, आणि एका उघड्या माळावर स्कूटर उभी करून हे म्हणाले, "बघ." समोर वाळलेलं गवत होतं, काळे दगड होते, आणि अंगावर एक पान नसलेली झाडं, सगळी एकदम पेटल्यासारखी. मी नवी नवरी, पायात नव्या चपला, आणि तोंड उघडं टाकून बघत राहिले होते.

पळसाला पानं तीनच असं आपण म्हणतो, पण फाल्गुनात त्या तीनचाही पत्ता नसतो. काळ्या मखमली देठातून केशरी-लाल फूल बाहेर येतं, त्याची एक पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली. वास म्हणाल तर काही नाही. फांदीफांदीवर साळुंक्या आणि बुलबुल एकमेकांशी भांडत असतात. काटेसावरीचं जाड फूल वरून पडतं ते धप्प असा आवाज करत. पांगारा अंगभर काटे घेऊन उभा असतो, धायटी दरडीवरून खाली वाकलेली असते, आणि कुठूनसा करवंदीच्या बारक्या पांढऱ्या फुलांचा वास येतो. ह्यांचा नियम असा की लावलेलं झाड बघायचं नाही. टेकड्यांवर गुलाबी फुलणाऱ्या उंदीरमारीकडे बघूनसुद्धा हे नाक मुरडणार, "ती आणून लावलेली." जे आपलं आपण उगवलं, ज्याला कुणी कधी पाणी घातलं नाही, ते ह्यांच्या लेखी खरं फूल. मला हा नियम कधी पटला नाही, पण फुलं पटली.

एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. ही फुलं इतकी दिसतात ती झाडांवर पानं नसतात म्हणून, आणि पानं नसतात म्हणूनच त्या रस्त्यांवर बाईमाणसाला आडोसा नसतो. पावसाळ्यात कुठंही जरा आत गेलं की हिरवं झुडूप मिळतं. साप-किरडाची भीती वेगळी. फाल्गुनात सगळे डोंगर उघडे पडतात. करवंदीची जाळी सोडली तर मागं लपावं असं काही उरत नाही, आणि जाळीत आधीच कुणीतरी शेळ्या चारत असतं. पुरुषांचं बरं असतं. रस्त्याकडे पाठ केली की झाला त्यांचा आडोसा.

मला त्याचं तेव्हा काही वाटायचं नाही, उलट मिरवावंसं वाटायचं. मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. ट्रंक कॉल लावून देणाऱ्या आम्ही बायका बोर्डासमोर ओळीनं बसायचो, कानाला हेडफोन. बदली बाई आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही असा नियम होता, आणि बदली बाई चहाला गेली की चहाचीच होऊन जायची. त्यामुळे आम्हा सगळ्यांना एक विद्या पक्की येत होती. पाणी कमी प्यायचं आणि थांबायचं. कुणी सारखी उठायला लागली की आम्ही एकमेकींकडे बघून हसायचो. शरीर आपल्या धाकात राहतं, असा माझा समज तिथं झाला. घरीसुद्धा बाहेर निघताना मी "जाऊन या रे सगळे" असं फर्मान सोडायची, आणि एकदा दाराला कुलूप लागलं की मग कुणी त्याचं नाव काढायचं नाही.

पुढं सून आली, मृण्मयी. हडपसरला आयटीत नोकरी, मोठी पाण्याची बाटली कायम सोबत, आणि प्रत्येक पेट्रोल पंपावर "आई, एकच मिनिट हं." मी ह्यांच्याकडे बघून म्हणायची, "आपल्या गाडीला पाणी भरायलाही थांबा आहे आणि सोडायलाही." ती ऐकून हसायची. एकही संधी मी सोडत नव्हते, हे आज लिहिताना छान वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या फाल्गुनातली गोष्ट. मृण्मयीनं नवी गाडी घेतली होती, आतल्या सीट फिकट बदामी. चालवायला तीच. आमचा मुलगा रविवारी झोपतो, त्याला फुलांचं काही नाही. पुढं हे बसले, मागं मी आणि माझी नणंद, शरयूवन्सं. वन्सं हडपसरला लेकाकडे राहतात. माझ्याहून वयानं लहान, पण तोंडानं मोठ्या. कापूरहोळच्या हॉटेलात मृण्मयी जाऊन आली. आम्ही दोघी गाडीतच बसून राहिलो.

"आपल्याला नाही बाई अशी सारखी सारखी सवय," वन्सं म्हणाल्या.

"नाहीच मुळी," मी म्हणाले.

खरं तर मला तेव्हाच जायचं होतं. मागचे काही महिने शिंक आली किंवा जिना भराभर उतरले की थोडंसं काहीतरी व्हायचं, पण ते मी स्वतःलासुद्धा सांगितलेलं नव्हतं.

भोरच्या पुढं, धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं रस्ता जातो तिथं, एक गृहस्थ म्हैस घेऊन चालले होते. ह्यांनी गाडी थांबवायला लावली आणि काच खाली करून विचारलं, "अहो, इकडे पळस कुठं चांगला फुललाय?"

त्यांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग आत आम्हा सगळ्यांकडे.

"पळस? त्यो कशाला पायजे?"

"बघायला आलोय. पुण्याहून."

"निस्ता बघाया?"

"हो."

त्यांनी म्हैस थांबवली. मग खिडकीत वाकून, आवाज खाली आणून, अगदी आपुलकीनं म्हणाले, "घरात काय भांडान झालंय का?"

वन्संना ठसका लागला. मृण्मयीनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. हे तर "हो हो, रोजच" असं म्हणून त्या गृहस्थांना टाळी द्यायला हात बाहेर काढून बसले. आणि मी पोट धरून हसले. हसता हसता मला कळलं की मला थांबवता येत नाहीये. हसणंही नाही, आणि दुसरंही नाही. मी मांड्या आवळल्या, श्वास रोखला, सीटची कड घट्ट धरली. काही उपयोग झाला नाही. बोर्डासमोर कमावलेली ती सगळी विद्या माझ्याखालच्या बदामी सीटमध्ये मुरत गेली, आणि माझ्या शेजारी वन्सं अजून डोळे पुसत हसत होत्या.

पुढच्याच वळणावर रस्त्याला लागून मोठा पळस होता. सगळे उतरले. "माझा गुडघा धरलाय, तुम्ही व्हा पुढं," मी म्हणाले. गुडघा उपयोगी पडला तो त्या दिवशी पहिल्यांदा. ते तिघं झाडाखाली जाईपर्यंत मी मृण्मयीची बाटली उचलली, मांडीवर आणि सीटवर ओतली. मृण्मयीच आधी परत आली, माझ्यासाठी झाडाखालचं एक फूल घेऊन. तिनं सीटकडे पाहिलं.

"बाटली कलंडली गं," मी म्हणाले.

बाटली दाराच्या खणात, तिच्या नेहमीच्या जागेवर उभी होती. मीच सवयीनं झाकण घट्ट लावून जिथल्या तिथं ठेवून दिली होती. कलंडलेली बाटली उठून स्वतःचं झाकण लावून जागेवर जाऊन बसत नाही, हे मला तिच्या नजरेबरोबर दिसलं.

"असू दे आई, पाणीच आहे," ती म्हणाली. तिनं गळ्यातली ओढणी काढली, घडी केली आणि माझ्याखाली सरकवली. परत येताना मार्चमधल्या भर दुपारी तिनं गाडीच्या चारही काचा खाली केल्या. "एसी नको, बाहेर काय मस्त हवा आहे." वन्सं म्हणाल्या, "अगं धूळ येतीये केवढी!" तरी तिनं काचा वर घेतल्या नाहीत. तेव्हा मला कळलं की तिला कळलंय. पुण्यापर्यंत मी ते फूल हातात धरून बसले होते, त्याचा चोथा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली पार्किंगमध्ये मृण्मयी गाडीची चारही दारं उघडी टाकून, बादली आणि ब्रश घेऊन सीट घासत होती. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "काय गं, काय सांडलं?" ती मान वर न करता म्हणाली, "ताक." मी मागं सरकले आणि वाळत घातलेल्या चादरीच्या आड उभी राहिले. माझ्या आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. परीक्षेत नापास झाले तेव्हा नाही, बाळंतपणात पाच अनोळखी माणसांसमोर उताणी पडले होते तेव्हाही नाही. चोरी केली, लबाडी केली, तर लाज वाटावी हे ठीक. मी काय केलं होतं? हसले होते. पण सून खाली ब्रशनं घासतीये आणि मी वर लपलीये, यात ते कुणाला समजावणार.

त्यानंतर मी हळूहळू घरात मावायला लागले. हडपसरला वन्संकडे बसनं जायचे ते बंद केलं. ट्रॅफिकमध्ये अडकले तर काय घ्या. भाचीच्या लग्नाला कोल्हापूरला गेले नाही, आहेर मुलाबरोबर पाठवला. मंडईत जायचं ते आधी घरी बाथरूमला जाऊन, भाजी घेऊन, तडक घरी. पुण्यात कुठं स्वच्छ सोय आहे, कुठं कडी लागत नाही, कुठं किल्ली पानवाल्याकडे असते, हे सगळं मला तोंडपाठ झालं. आणि मी मोठ्यानं हसणं सोडलं. हे म्हणायचे, "तुला माझे विनोद कळेनासे झालेत." मी म्हणायची, "विनोद असले तर कळतील ना." तसं म्हटलं की ते स्वतःच हसायचे, आणि त्यात माझं न हसणं झाकून जायचं.

नेहमीच्या मेडिकलमध्ये सगळे ओळखीचे, म्हणून एकदा चार गल्ल्या ओलांडून दुसऱ्या दुकानात गेले. गर्दी सरेपर्यंत खोकल्याची औषधं बघत उभी राहिले, मग काउंटरवर वाकून म्हणाले, "मोठ्या माणसांचे ते... डायपर."

"कुणासाठी?" दुकानदारानं पेठेतल्या खणखणीत आवाजात विचारलं.

"सासूबाईंसाठी."

सासूबाईंना जाऊन किती वर्षं झाली! फार कडक बाई, मरेपर्यंत स्वतःचं स्वतः करत होत्या, आणि त्या गेल्यावर मी त्यांच्या नावावर हे घालत होते.

"कंबर किती त्यांची?"

मी खाली माझ्या कमरेकडे पाहिलं. अगदी नकळत. दुकानदारानंही पाहिलं. मग तो आत गेला आणि पुडकं वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला, वर पुन्हा काळी पिशवी. त्यानं इतकं झाकलं नसतं तर मला बरं वाटलं असतं. ते पुडकं मी कपाटात शालूच्या मागं ठेवलं आणि कधी फोडलंही नाही.

डॉक्टरकडेही गेले होते. आमच्या पेठेत दवाखान्यांना काय तोटा! बायकांच्या डॉक्टर, वयानं लहान, गोड बोलणाऱ्या. बाहेर सगळ्या पोटुशा मुली बसलेल्या, त्यांच्यात मी. आत गेल्यावर त्यांनी विचारलं, "किती दिवसांपासून होतंय, काकू?" मी म्हणाले, "झाला असेल आठवडा." त्यांनी तपासणीसाठी पडद्यामागं जायला सांगितलं, तर मी म्हणाले, आज उपास आहे, नंतर येते. उपासाचा आणि तपासणीचा काय संबंध हे त्यांनाही कळलं नसेल. परत गेले नाही.

मागच्या फाल्गुनात मृण्मयीनं विचारलं तेव्हा मी गुडघा पुढं केला. तिनं एकदाच विचारलं, पुन्हा नाही. ह्यांना म्हणाले, "तुम्ही या जाऊन." तर म्हणाले, "मी एकटा जाऊन काय करू? पळस काय, पुढच्या वर्षीही फुलेल." आणि टेकडीवर जाऊन, रोज जिला नावं ठेवायचे ती उंदीरमारी बघून आले.

पळस पुढच्या वर्षी फुलतो. ह्यांच्या डोळ्यांचं तसं नव्हतं. पावसाळ्याच्या सुमारास वाचताना ओळीतला मधलाच शब्द गळायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याचा मधला भाग झिजतोय, दोन्ही डोळ्यांचा. कडेचं दिसत राहील, समोरचं जात जाईल. आहे तेवढं टिकवायचा प्रयत्न करू. म्हणजे ज्याच्याकडे सरळ बघावं तेच नाहीसं होणार. आयुष्यभर केसाएवढ्या रेघा ओढलेला माणूस. पण हे कुरकुरले नाहीत. सकाळी मी पेपर वाचून दाखवते, आणि हे प्रत्येक पुढाऱ्याच्या भाषणावर आधीच्याच तिरकसपणानं शेरे मारतात.

या वर्षी महाशिवरात्र झाली, ऊन तापायला लागलं. एका सकाळी मी पेपर घेऊन गॅलरीत गेले. हे मान जराशी वाकडी करून माझ्याकडे बघत होते, हल्ली तसंच बघतात.

"ही तपकिरी साडी नवी घेतलीस का? चांगली आहे," हे म्हणाले.

साडी जुनीच होती. आमच्या मुलाच्या मुंजीत ह्यांनीच पसंत केलेली, कुंकवाच्या रंगाची.

मी "हो" म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. कुठली बातमी वाचली आठवत नाही. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. मागच्या वर्षी ह्यांना लाल दिसत होता. मागच्या वर्षी ते झाड तिथं होतं, गाडी होती, चालवणारी होती, आणि हे घरी बसले माझ्या न दुखणाऱ्या गुडघ्यापायी. दोन वर्षांपूर्वी सीटवर जे झालं त्याची लाज मला इतके दिवस वाटत होती. त्या सकाळी या दुसऱ्या गोष्टीची वाटली, आणि ही खरी होती. ती माझ्या शरीरानं केलेली नव्हती, मी केलेली होती.

स्वयंपाकघरात मृण्मयी डबा भरत होती. मी तिच्याकडे पाठ करून, ओट्यावरचा फडका घेऊन स्वच्छ ओटा पुसत म्हणाले, "रविवारी भोरला जाऊ या. ह्यांना पळस दाखवायचा आहे. पण मला वाटेत थांबावं लागेल."

"थांबू की, आई."

"एकदा नाही. सारखं." मग फडका बाजूला ठेवला. "त्या दिवशी बाटली कलंडली नव्हती."

"माहितीये मला," ती म्हणाली. मग डब्याचं झाकण लावत म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही माझ्यावर रागावलात. मी काचा खाली केल्या म्हणून. मला ना, घरी आल्यावर इतकं गिल्टी वाटलं. एवढं दाखवायला नको होतं मी. तेव्हापासून तुम्ही गाडीतच बसला नाहीत."

म्हणजे दोन वर्षं ती ते घेऊन बसली होती आणि मी हे, एकाच ओट्याशी पोळ्या लाटत.

"याला ट्रीटमेंट असते आई, व्यायाम असतात. आपण डॉक्टरकडे जाऊ, मी येते बरोबर."

"मी गेले होते."

"मग?"

"आठवडा झाला म्हणून सांगितलं."

ती हसली. मग मीही हसले, जपून.

रविवारी निघताना मी पोटभर पाणी प्यायले. फार वर्षांनी. वन्सं आदल्या रात्रीच मुक्कामाला आल्या होत्या. गाडी सुरू करताना मृण्मयीनं जाहीर केलं, "आज आपण सारखे सारखे थांबणार आहोत."

"का? नवी गाडी ना ही? तिला काय झालं?" ह्यांनी विचारलं.

"गाडीला नाही, मला झालंय," मी मागून म्हणाले. माझा आवाज बोर्डावर बोलल्यासारखा निघाला, कोरडा आणि स्पष्ट. "मला लघवी थांबवता येत नाही."

वन्सं खिडकीतून बाहेर बघायला लागल्या. सिग्नल सुटला, मागच्यानं हॉर्न वाजवला. मग हे पुढं बघतच म्हणाले, "बरं. सांगत जा." थोड्या वेळानं पुन्हा, "आधी सांगायचंस गं." त्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

पहिल्या पंपावर दाराला कुलूप होतं. मृण्मयीनं त्या माणसाला एवढ्या मोठ्यानं किल्ली मागितली की हवा भरणारेसुद्धा वळून बघायला लागले. माझे कान तापले, पण मी उतरले. कापूरहोळला उतरले. भोरच्या स्टँडवर नाकाला पदर लावून उतरले. प्रत्येक वेळी वाटायचं, आता वन्सं काहीतरी बोलणार. त्या बोलल्या नाहीत. त्या गाडीतच बसून राहायच्या, ओठ मिटून, पर्स मांडीवर घट्ट धरून. मला वाटलं, मनात मोजत असतील माझे थांबे.

धरणाच्या रस्त्याला लागलो आणि पळस दिसायला लागले. आधी एक, मग तीन-चार, मग उतारच्या उतार. मृण्मयीनं गाडी एका झाडाशी उभी केली. मी ह्यांचा हात धरून झाडाखाली नेलं. ह्यांनी सरळ वर पाहिलं, मग मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. एखाद्या पक्ष्यासारखं कितीतरी वेळ चाललं होतं. मला विचारायचा धीर होत नव्हता.

"मधे काही नाही," हे म्हणाले. "कडेला आहे. लाल आहे, कडेला."

हे खरं दिसलं म्हणून म्हणाले की माझ्यासाठी, ते मी विचारलं नाही. मी त्यांच्या तळहातावर एक फूल ठेवलं. ते त्याच्या देठावरची मखमल अंगठ्यानं चाचपत राहिले. मागच्या वर्षी आणलं असतं तर त्यांना नुसतं बघता आलं असतं.

आणि तिथंच मला लागली. आजूबाजूला कुठं पंप नाही, हॉटेल नाही. डोंगर खालपासून वरपर्यंत उघडा. मी मृण्मयीकडे पाहिलं. तिनं डिकीतून जुनी डबलबेडची चादर काढली. घरून निघतानाच टाकली असणार. रस्त्याच्या कडेला जरा खाली उतरून एक टोक तिनं धरलं, दुसरं वन्संनी.

"तुम्ही तिकडे तोंड करून उभे राहा," मी ह्यांना म्हणाले.

"तिकडे कशाला? मला कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही," हे म्हणाले. "मी थेट तुझ्याकडेच बघत उभा राहतो. तेच सगळ्यात सुरक्षित."

मी चादरीमागं बसले होते, साडी हातात गोळा केलेली. मला हसू फुटलं. नेहमीसारखं आवळायला गेले, आणि मग लक्षात आलं की आता आवळायचं काही कारण नाही. मी हसले, मोठ्यानं, आवाज डोंगरावर जाईल एवढ्यानं. चादर हलत होती. मृण्मयीही हसत होती. डोळ्यांतून पाणी आलं ते हसण्याचंच होतं असं नाही.

उठून साडी नीट केली. वन्संचे हात अवघडले असतील म्हणून चादर घ्यायला गेले, तर त्यांनी ते टोक माझ्या हातात दिलं आणि तिथंच उभ्या राहिल्या. त्या हसलेल्या नव्हत्या. चेहरा पांढरा पडलेला होता.

"वहिनी, नीट धर गं," त्या म्हणाल्या, आणि माझ्या बाजूनं चादरीमागं गेल्या.

मी मान दुसरीकडे वळवली. बराच वेळ गेला. मग आतून त्यांचा आवाज आला, कधी न ऐकलेला, लहान मुलीसारखा.

"काल दुपारपासून पाण्याचा थेंब घेतला नाहीये मी."

मृण्मयीनं माझ्याकडे पाहिलं. वरच्या वळणावरून एक ट्रक खाली येत होता. आम्ही दोघींनी चादर आणखी वर उचलली.